सहीच्या वरची जागा

मॅडम, तुमच्या शोकसभेचा ठराव मीच टाइप केला. जन्म कुठं झाला, शिक्षण कुठं, वकिली कधी सुरू केली, कोणत्या समितीवर होत्या, सगळं त्यात आलं. बार असोसिएशनच्या हॉलमध्ये एका ज्येष्ठ वकिलांनी तो वाचला, सगळे दोन मिनिटं उभे राहिले, मंग चहा झाला. म्हणून त्यातलं इथं काही नाही. आणि इथं मी ‘मले’ लिहिणार, ‘तुम्हाले’ लिहिणार. बावीस वर्षं तुम्ही टोकलं, ‘रंजना, कोर्टात मला म्हण गं, मले नको.’ म्हटलं नं कोर्टात. आता हे कोर्ट नाही, आणि टोकायले तुम्ही नाही.

सभेत जो उठला तो एकच बोलला. मॅडमनी किती ज्युनिअर घडवले! नावं घेतली सगळ्यांची. कोण सरकारी वकील झाला, कोण हायकोर्टात गेला, कोणाची दोन ऑफिसं झाली. मी दाराजवळ, पाण्याच्या कॅनपाशी उभी. त्यातल्या अर्ध्यांचे पहिले अर्ज मी समोर बसून दुरुस्त करून दिले होते, हे त्यांनाही माहीत अन् मलेही. एकानं माझ्याकडं पाहून मान हलवली, बस. तुम्हाले वाटत असेल मी रडली असेन. रडली, पण घरी जाऊन. तिथं मले फक्त राग आला होता. लोकांचा नाही, तुमचा. कारण माझं नाव लोकांले सांगायचं काम तुमचं होतं, अन् ते तुम्ही कधी केलंच नाही.

तुमच्याकडं माझ्यासाठी एकच शब्द होता. पक्षकार आला, ‘ह्या कोण?’ तुम्ही म्हणायच्या, ‘ही होय? ही आमच्या घरचीच.’ नवा ज्युनिअर आला, घरचीच. मोठे वकील ऑफिसात आले, चहा मी पुढं केला, घरचीच. पहिली काही वर्षं मले काय गोड लागायचा तो शब्द! मी घरी, जरीपटक्यात, सासूले सांगायची, मॅडम मले घरची समजतात. सासू म्हणायची, ‘बरं आहे बापा.’ तिच्या त्या ‘बरं आहे’मधलं मले तेव्हा समजलं नाही. ती लोकांच्या घरी काम करून म्हातारी झालेली बाई, तिले हा शब्द जुना ओळखीचा होता.

मी तुमच्याकडं आली तेव्हा बी.ए. झालेली, मराठी टायपिंगची परीक्षा पास, अन् लग्नाले वर्षही नव्हतं झालं. सायकलनं यायची. पहिल्याच दिवशी तुम्ही पोटगीचा एक अर्ज टाइप करायले दिला. मी जसाच्या तसा टाइप केला, एक चूक नाही. तुम्ही कागद उलटा ठेवला अन् विचारलं, ‘आता सांग, ही बाई काय मागून राहिली?’

मले सांगता येईना.

‘टाइप तूच केलं नं वं?’

तुम्ही चिडल्या की नाहीतर लय मायेत आल्या की तुमची ती साफ भाषा सुटायची अन् तुमच्यातली नरखेडची पोरगी बाहेर यायची. तुम्ही खुर्ची ओढून मले बाजूले बसवलं. ‘हे पाय, आधी काय झालं ते सांगायचं. मंग काय पाहिजे ते मागायचं. ज्याले मागता येत नाही त्याले कोर्ट काही देत नाही.’ त्या दिवशी आपण तो अर्ज दोघींनी मिळून पुन्हा लिहिला. त्या बाईचं पहिलं वाक्य मी सुचवलं होतं अन् तुम्ही ते तसंच ठेवलं. घरी जाताना सायकल चालवून राहिली की उडून राहिली, मले समजत नव्हतं. हे मी विसरली नाही, मॅडम. तुमच्यावर कितीही चिडली तरी हे विसरता येत नाही, हीच तर पंचाईत आहे.

त्यानंतर तुम्ही मले सगळं शिकवलं. केस दाखल करताना कागद कसे लावायचे, कोर्टाच्या ऑफिसनं हरकत काढली तर ती कशी दूर करायची, नक्कल कुठल्या खिडकीवर मागायची, साक्षीदाराले आदल्या दिवशी काय विचारायचं अन् काय बिलकूल विचारायचं नाही. कॉम्प्युटरवरून केसेस दाखल करायचं सुरू झालं तेव्हा तुम्ही हात वर केले, ‘मले हे जमत नाही, तूच पाय.’ पाहिलं. आणि एक गोष्ट तुम्ही इतक्या वेळा सांगतली की मी झोपेतही करीन. मजकूर संपला अन् खाली सहीपर्यंत जागा उरली, की तिथं तिरपी रेघ मारायची. ‘मोकळी जागा सोडू नको. उद्या कोणी काहीही भरीन तिथं.’

दुसरी मुलगी झाली तेव्हा घरच्यांनी ठरवलं की आता नोकरी पुरे. मी तुम्हाले फोनवर रडत रडत सांगतलं. तुम्ही दुसऱ्या दिवशी स्कुटीवर जरीपटक्यात हजर. बाजारातून गल्ली विचारत विचारत आल्या, घामानं चिंब. सासूजवळ खाली चटईवर बसल्या, तिच्या हातचा चहा घेतला, अन् म्हटलं, ‘मावशी, तुमची सून घरी बसली तर माझं ऑफिस बसते.’ रात्री सासू माझ्या नवऱ्याले म्हणाली, जाऊ दे तिले. आमच्या गल्लीत त्या दिवसापासून माझी वट होती. एवढी मोठी वकील बाई हिच्यासाठी चालून आली!

पुढं त्याच वाक्याचा तुम्ही खुंटा केला अन् मले त्याले बांधलं.

कळमेश्वरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लीगल असिस्टंट पाहिजे होती. आपल्याच एका पक्षकारानं मले सांगतलं, ‘ताई, तुमच्यासारखीच बाई पाहिजे त्यांले, फक्त वकिलाचं अनुभवाचं पत्र लागते.’ मी आठ दिवस धीर गोळा केला. तुम्ही फाईल वाचत होत्या. मी म्हटलं, मॅडम, एक पत्र पाहिजे होतं. मी तुमच्याकडं असिस्टंट म्हणून काम करते, एवढंच. तुम्ही चष्मा काढला अन् हसल्या. खरंच हसल्या, खोटं नाही.

‘अगं, अनुभवाचं पत्र नोकराला देतात. तू तर घरची आहेस. आणि तू कुठे जाणार आहेस?’

मी पण हसली. मूर्ख बाई! हसून चहा टाकायले गेली.

पत्र ही काही मोठी गोष्ट नव्हती. तुमची सगळी पत्रं मीच तर टाइप करायची. लग्नाच्या शुभेच्छा, महिला मेळाव्यातली भाषणं, सगळं. ‘प्रत्येक स्त्रीची स्वतःची ओळख असली पाहिजे’, हे वाक्य तुम्ही सभेत म्हटलं की टाळ्या पडायच्या अन् तुम्ही मागं वळून माझ्याकडं पाहायच्या, कारण वाक्य माझं होतं. ज्युनिअर सोडून जायचे तेव्हा त्यांची पत्रं मीच टाइप केली. ‘अत्यंत मेहनती’, ‘मसुदा लेखनात निपुण’. सही तुमची. माझ्या पत्राले मात्र तुम्ही तारखा दिल्या. दिवाळी होऊ दे. ती मोठी केस संपू दे. सुट्टीत पाहू. समोरच्या वकिलानं अशा तारखा मागितल्या असत्या तर तुम्ही जजसमोर त्याची काय गत केली असती!

मंग यंदा सिव्हिल लाइन्समध्ये एका मोठ्या फर्मचं ऑफिस उघडलं. तिथं असिस्टंटची रीतसर जागा आहे, पद आहे, टेबलावर नावाची पाटी आहे. मुलीनं मोबाइलवर जाहिरात दाखवली. मी अर्ज केला, तुम्हाले न विचारता केला. त्यांचं उत्तर आलं तेव्हा तुमच्यासमोर उभी राहिली, त्या शुक्रवारी संध्याकाळी. बाकी सगळे गेले होते. कूलरचा पाण्याचा पाइप निघाला होता अन् मी तो लावता लावताच बोलली, नाहीतर हिंमत झाली नसती.

‘मॅडम, यावेळी पत्र पाहिजेच.’

‘काहून वं? काय कमी आहे तुले इथं?’

‘कमी काही नाही. मी इथं कोण आहे ते लिहून पाहिजे.’

‘एवढ्या वर्षांनी हे विचारून राहिली? घरच्या माणसाले असं लिहून द्यावं लागते का?’

‘मी घरची असती तर मागितलं नसतं. घरात काय काय आहे ते तरी मले माहीत असतं. मी तुमच्या हॉलच्या पुढं कधी गेली नाही, मॅडम.’

तुमचा चेहरा असा पडला की मले स्वतःचीच जीभ चावावी वाटली. तुम्ही पर्स उचलली, दारापर्यंत गेल्या, अन् पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘सोमवारी बोलू.’ आवाज साफ होता, कोर्टातला. ही तुम्ही मले दिलेली शेवटची तारीख.

सोमवारी पहाटे तुमच्या शिरीषचा फोन आला. तो शनिवारी पुण्याहून तुम्हाले भेटायले आला होता म्हणून निदान घरी कोणी तरी होतं. ‘ताई, आई गेली. झोपेतच.’ मी ‘हो’ म्हटलं. साडी नेसली, तुमच्या घरी निघाली, अन् माझी स्कुटी कोर्टाच्या गेटात वळली. मी वळवली नाही म्हणत नाही, मीच वळवली. त्या दिवशी आपल्या तीन केसेस होत्या अन् एकीत तर मागच्या वेळी कोर्टानं बजावलं होतं की वकील आले नाही तर केस खारीज करीन. तुमचा नियम होता, आकाश कोसळो, आधी तारीख घे. आधी तुमचा नियम पाळला, मंग तुमच्यासाठी आली.

कोर्ट सुरू व्हायले वेळ होता. मी बाकावर बसली अन् फाईलमधून तुमची सही असलेले कोरे कागद काढले. दर शनिवारी तुम्ही ते करून द्यायच्या. साधे कागद तारखेच्या अर्जासाठी, लेटरहेड नोटिशीसाठी, सगळ्यांच्या खालच्या कोपऱ्यात तुमची ती लांब शेपटीची सही. त्या शनिवारीही सह्या करून ठेवल्या होत्या. बोलणं नव्हतं आपलं, पण गठ्ठा माझ्या टेबलावर होता. मी पेन उघडला अन् हातानं लिहिलं, जसं शंभरदा लिहिलं होतं: ‘अर्जदाराच्या वकिलांची प्रकृती ठीक नसल्याने त्या आज हजर राहू शकत नाहीत. तरी पुढील तारीख मिळावी, ही विनंती.’

लिहून झाल्यावरही मले काही खटकलं नाही. अर्ज कोर्टाच्या रीडरबाबूंजवळ नेऊन दिला. ते तुम्हाले मानायचे. ‘काय झालं मॅडमले?’

‘बरं नाही.’

‘आराम करा म्हणाव. या उन्हात नका येऊ म्हणाव.’

‘सांगते’, मी म्हटलं. तिन्ही ठिकाणी असंच सांगतलं. तुम्ही मेल्या होत्या अन् मी तुम्हाले तीन कोर्टांत आजारी ठेवलं, तुमच्याच सहीनं. जिन्यात आल्यावर पायरीवर बसली. एक पोलीस म्हणाला, बाई, सरका, रस्ता द्या. खरं सांगू? मले हसू आलं होतं. तुम्हाले सांगितलं असतं तर तुम्ही टेबलावर हात आपटून आपटून हसल्या असत्या, अन् मंग लगेच विचारलं असतं, ‘तारीख कोणती मिळाली?’

तुमच्या घरी पोचली तर अंगणात गर्दी. तुमच्या नरखेडच्या वहिनीनं मले अडवलं. ‘तुम्ही कोण?’ माझ्या तोंडून ‘घरचीच’ निघेना. मागून कोणीतरी म्हटलं, ‘ऑफिसातल्या बाई आहेत, येऊ द्या.’ मंग मले वाट मिळाली. तेरवीलेही मी आली होती. पंगतीत बसली अन् जेवली. आमच्याकडं, बौद्धांत, तेरवी नसते, पुण्यानुमोदन असते. कोण्या एका घरची असती तर यातला एक विधी तरी मी केला असता. मी तुमच्यासाठी काय करायचं, हे मले कोणीच सांगितलं नाही.

शिरीष चांगला आहे, त्याच्यावर माझा काही राग नाही. तेरवीनंतर तो ऑफिसात आला, तुमच्या खुर्चीत न बसता पक्षकाराच्या खुर्चीत बसला. म्हणाला, ‘ताई, दोन महिने तेवढं सांभाळा. लोकांच्या फाइली परत करायच्या, जागा रिकामी करायची. तुम्ही तर घरच्याच.’ म्हणजे तो शब्दही तुम्ही त्याच्या वाट्याले ठेवून गेल्या! मी त्याले पत्राचं विचारलं. तो बिचारा गोंधळला. ‘मी कसं देऊ? मी वकील नाही. आईनंच द्यायला पाहिजे होतं.’ बरोबर बोलला. जाताना दारात थांबला. ‘आणि ताई, आईच्या सह्या असलेले कोरे कागद असतील तर निकामी करून टाका. उगाच कोणाच्या हाती नको.’

करते म्हटलं. ते कागद आज माझ्यासमोर आहेत. कोर्टाले उन्हाळ्याची सुट्टी आहे, दुपार आहे, कूलर घरघरून राहिला आहे, अन् सगळ्यांत वर तुमचं लेटरहेड. वर तुमचं नाव, खाली तुमची सही, मधे सगळं रिकामं. सिव्हिल लाइन्सवाल्यांनी मले या सोमवारी बोलावलं आहे. फोनवरच्या मुलीनं दोनदा सांगतलं, ‘मॅम, एक्सपिरियन्स लेटर मस्ट आहे.’

काय करता येते ते तुम्हाले सांगायची गरज आहे का? टाइप करायले मले पाच मिनिटं लागतील. शुक्रवारची तारीख टाकायची, आपण भांडलो त्या शुक्रवारची. ‘श्रीमती रंजना ह्या माझ्या कार्यालयात लीगल असिस्टंट म्हणून कार्यरत असून...’ एक शब्द खोटा नसता. तुमची भाषा मले तुमच्याहून चांगली येते. कोणाले समजलं नसतं, अन् ज्याले समजलं असतं तो बोलला नसता.

मी कॉम्प्युटर चालू केला होता. तुम्हाले खोटं कशाले सांगू? पहिली ओळ टाइप पण केली. अन् मंग ती नरखेडकडची बाई डोळ्यासमोर आली, आपली जुनी पक्षकार. तिचा नवरा मेला अन् दिरानं कागद आणला की वहिनीनं संत्र्याच्या बागेतला हिस्सा सोडला. सही तिचीच होती, कोऱ्या कागदावर घेतलेली, पेन्शनच्या नावाखाली. तुम्ही तो कागद कोर्टासमोर उजेडात धरला, दाखवलं की सही आधीची आहे अन् मजकूर नंतर कोंबला आहे, शेवटच्या ओळी कशा दाटून दाटून सहीच्या वर बसवल्या आहेत. तुमचा आवाज चढला होता. ‘साहेब, हिनं सही केली ती माणसावर विश्वास ठेवून. या मजकुरावर तिची सही नाही.’ त्या दिवशी मी तुमच्या मागं फाइली घेऊन उभी होती अन् मले वाटलं होतं, जगात दुसरं कोणतंच काम करायचं नाही मले. हेच करायचं.

तर तेच काम करायले जाताना पहिल्याच दिवशी मी तो दीर होऊन जाऊ?

नाही जमलं. याचा मोठेपणा नाही सांगत. चीड सांगते. तुम्ही डोळे झाकून विश्वास टाकला, कोरे कागद टाकले, कपाटाच्या किल्ल्या टाकल्या. चार ओळी तेवढ्या टाकता आल्या नाहीत. माझ्यावर एवढा विश्वास होता तर मी जाईन अन् तरी तुमचीच राहीन, एवढा पण ठेवायचा होता. भीती होती नं तुम्हाले? मी गेली तर ऑफिस बसन. सासूले सांगतलं ते मलेही सरळ सांगून पाहायचं होतं. ‘रंजना, तू गेली तर माझं जमणार नाही वं.’ असं एकदा म्हटलं असतं तर मी गेलीच नसती, अन् पत्रही मागितलं नसतं. त्या सोमवारी तुम्ही काय बोलणार होत्या, हे आता मले कुठल्या खिडकीवर अर्ज करून मिळणार नाही.

सोमवारी मी जाणार आहे, पत्राशिवाय. विचारलं तर सांगीन की आमच्या मॅडम वारल्या. मंग ते विचारतील, आधी काहून नाही घेतलं? तेव्हा काय सांगायचं, ते तुम्हीच शिकवलेल्या पद्धतीनं सांगीन. आधी काय झालं ते. मंग काय पाहिजे ते.

आणि हे कागद मी फाडणार नाही, मॅडम. फाडलेले कागद जोडता येतात, हे पण आपण एका केसमध्ये पाहिलं आहे. कोरा कागद निकामी करायचा तर त्यावर लिहून टाकायचं. म्हणून हे एवढं लिहिलं, तुमच्याच कागदांवर, माझ्या हातानं, वरून खालपर्यंत. सगळ्या कागदांच्या खाली तुमची सही आहे. माझ्या तक्रारी, तुमची सही. पहिल्यांदा माझं सगळं म्हणणं तुमच्या सहीच्या वर आलं, अन् ते कुठंच दाखल करता येणार नाही.

हा शेवटचा, लेटरहेडचा. सहीच्या वर दोन ओळींची जागा उरली आहे. तिरपी रेघ मारायले पेन टेकवला होता. पण नाही मारत. तिथं तुमच्या साफ भाषेत लिहिते, ‘मले’ नाही अन् काही नाही, तुम्ही बोलल्या असत्या तसं:

रंजना माझ्या घरची नव्हती.
ती माझी असिस्टंट होती, आणि चांगली होती.

याच्या खाली तुमची सही आहे.